मिटल्या डोळ्यांची खारीची दोन पिल्लं सापडलीत, काय पाजू?

रिकामी_बरणी

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

शेजारच्या आवारातलं झाड आज सकाळी तोडलं. फांद्या ओढून नेल्यावर खाली काथ्या, कापूस आणि चिंध्यांचा एक गोळा पडलेला दिसला. घरटंच असणार. त्यातून कुणीतरी चिरक्या आवाजात ओरडत होतं. पाहिलं तर खारीचं पिल्लू. दुसरं तिथून बरंच लांब, कुंपणापाशी, अगदी गप्प. दोघांचे डोळे मिटलेले, अंगावर मखमलीसारखी बारीक लव, शेपटी उंदरासारखी.

बुटांच्या खोक्यात जुना टॉवेल घालून दोघांना ठेवलंय. ओरडणाऱ्याला औषधाच्या ड्रॉपरने गाईचं दूध दिलं. दोन थेंब गेले आणि तिसऱ्याला नाकातून बुडबुडा आला. घाबरून थांबले. गप्प असलेलं तोंडच उघडत नाही, हाताला गार लागतंय.

दूध कुठलं, किती, किती वेळाने? रात्रभर जागावं लागेल का? आणि मी हात लावलाय, म्हणजे आई आता त्यांना घेणार नाही ना?

भटकी_वात

गाईच्या दुधात निम्मं पाणी आणि चिमूटभर साखर घाला, कापसाच्या बोळ्याने पिळा. आम्ही लहानपणी असंच पाजायचो. जगलं तर जगलं. फार मनाला लावून घेऊ नका.

जुनी_सतरंजी

बरणीताई, आधी तो ड्रॉपर खाली ठेवा. आज दुधाचा नंबर तिसरा. पहिली ऊब, मग पाणी, मग दूध. हा क्रम चुकला की पिल्लू जातं, आणि आपल्याला वाटतं दूध कमी पडलं म्हणून गेलं. मी आत्तापर्यंत चौदा पिल्लं सांभाळलीत, त्यातली नऊ झाडावर परत गेली. पहिली दोन मीच मारली, गार पिल्लाला प्रेमाने पोटभर दूध पाजून. थंड पडलेल्या पिल्लाला पोटातलं पचवता येत नाही, दूध तसंच पडून राहतं आणि नासतं. संध्याकाळी पोट टम्म होतं आणि सकाळी पिल्लू ताठ.

तेव्हा आत्ता, हे वाचता वाचता उठा. सुती मोज्यात कोरडे तांदूळ भरा, गाठ मारा, मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर गरम करा. नसेल तर बाटलीत गरम पाणी भरा, झाकण घट्ट लावा. काहीही असो, वरून कापडाच्या दोन घड्या हव्यात. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद लागलं पाहिजे, चटका नको. ते खोक्याच्या निम्म्या भागातच ठेवा. फार उकडलं तर पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता यायला हवं. टॉवेल काढून टाका, त्याच्या धाग्यांच्या फासात नखं अडकतात आणि बोट सुजतं. जुना बनियन किंवा फ्लीसचा तुकडा घाला. खोक्याला झाकण हवं, झाकणाला भोकं हवीत.

गप्प पिल्लाला आधी स्वतःच्या अंगाशी धरा, मुठीत. अर्धा-पाऊण तास लागतो. पोट आणि पंजे कोमट झाले, ते वळवळायला लागलं, की पुढचं. तोवर तोंडात एक थेंबही नाही.

हात लावला म्हणून आई टाकते, ही निव्वळ ऐकीव गोष्ट. खारीची मादी बहुतेक वेळा जवळपास आणखी एखादं घरटं राखून असते, आणि एक घरटं मोडलं की तोंडात धरून एकेकाला तिकडे हलवते. धडधाकट पिल्लाला आईइतकं चांगलं कुणीच वाढवणार नाही, मीही नाही. उबदार झाल्यावर त्याला उघड्या खोक्यात, उबेच्या पिशवीसकट, घरटं पडलं त्याच्याच जवळच्या झाडापाशी ठेवा आणि घरात जा. खिडकीतून बघा, शेजारी उभ्या राहू नका, आई तुमच्या जाण्याची वाट बघत असते. ओरडू द्या त्याला, त्या आवाजावरच ती येते. उजेड आहे तोवर थांबा, पिशवी गार झाली की बदला. मुंग्या, मांजर आणि कावळे यांच्यावर लक्ष. अंधार पडायच्या आत आली नाही तर पिल्लू आत घ्या, सकाळी पुन्हा प्रयत्न करता येतो.

दोन गोष्टी सांगा. वजन किती? स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल. आणि ते दुसरं कुंपणापर्यंत गेलं कसं? मिटल्या डोळ्यांचं पिल्लू एवढं लांब जात नाही.

रिकामी_बरणी

मोजा गरम केला. ओरडणारं ३१ ग्रॅम, गप्प असलेलं २८ ग्रॅम. वाटीत ठेवून मोजलं, वाटीचं वजन वजा केलं.

सांगायचं राहिलं. गप्प असलेल्याला शेजारच्या मांजरीच्या तोंडातून सोडवलं होतं. पण रक्त वगैरे काही नाही, अंग नीट तपासलं, म्हणून लिहिलं नाही. आता ते हलायला लागलंय! पंज्याने माझा अंगठा धरतंय.

सुई_टोचणारा

प्राण्यांचा डॉक्टर आहे, म्हणून मध्ये बोलतो. हीच सगळ्यात महत्त्वाची ओळ होती आणि ती शेवटी आली.

मांजरीच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जीवाणू असतात. दात सुईसारखे, भोक इतकं बारीक की लवेखाली दिसतही नाही. आतून संसर्ग रक्तात पसरतो आणि एक-दोन दिवसांत पिल्लू जातं. जखम दिसो न दिसो, मांजरीच्या तोंडातून आलेल्या पिल्लाला अँटिबायोटिक लागतंच, आणि आजच. डोस वजनावर ठरतो, २८ ग्रॅमच्या जिवाला थेंबाच्या हिशोबात. घरातलं उरलेलं औषध अंदाजाने देऊ नका. हे पिल्लू आज झाडाखाली ठेवायचं नाही. दुसरं ठेवा.

नाकातून दूध आलं होतं त्याच्या छातीजवळ कान न्या. श्वासागणिक टकटक किंवा चटचट असा आवाज येतोय का? तसं असेल तर दूध फुफ्फुसात गेलंय, मग त्यालाही घेऊन या.

रिकामी_बरणी

ऐकलं, आवाज नाही. श्वास शांत आहे. त्याला बाहेर ठेवते आणि दुसऱ्याला घेऊन डॉक्टरकडे निघते. नवरा खिडकीत पहाऱ्याला बसलाय. तो विचारतोय, चावलं तर रेबीज होतो का?

सुई_टोचणारा

खारीसारख्या छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत रेबीज जवळजवळ सापडतच नाही. तरी चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगलं धुवा आणि आपल्या डॉक्टरला दाखवा. या पिल्लांना चावण्याइतके दातही नसतील अजून.

रिकामी_बरणी

मंडळी, आली ती! साडेचारच्या सुमाराला. मी दवाखान्यातच होते, नवऱ्याने पाहिलं. खोडावरून उलटी उतरली, तीनदा अर्ध्यातून परत गेली. मग खोक्याच्या काठावर बसून आत वाकली. पिल्लाला पोटाला धरून उचललं, त्याने तिच्या मानेभोवती स्वतःला गुंडाळून घेतलं, मफलरसारखं. आणि गेली, समोरच्या झाडावर. तो इतका हरखला की फोटो काढायचं विसरला.

नंतर ती आणखी दोनदा येऊन रिकामं खोकं हुंगून गेली म्हणे. ते ऐकून मला कसंसंच झालं.

दुसऱ्याला औषध सुरू झालंय. पाठीवर लव बाजूला केली तर दोन लाल ठिपके निघाले. मला टाचणीचं टोकही वाटलं नसतं. वन्यप्राणी बचाव केंद्राला फोन केला, ते घेणार आहेत, पण जागा सोमवारी होईल म्हणाले. म्हणजे तीन रात्री माझ्याकडे. आता सांगा पाजायचं कसं.

जुनी_सतरंजी

केंद्राला फोन केलात ते फार बरं झालं. वन्यप्राणी घरात ठेवायला बहुतेक ठिकाणी परवानगी लागते, आणि एकटं वाढलेलं पिल्लू खार व्हायला शिकत नाही. तीन रात्रींपुरतं सांगते.

आज रात्री आधी पाणी. खांद्यावरची कातडी चिमटीत हलकी उचलून सोडा. चटकन खाली बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर पाणी कमी पडलंय. तयार ओआरएस पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कालवा, कोमट करा, आणि पहिले दोन वेळा फक्त तेच. मग दूध.

दूध म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळते ती दुधाची पावडर. गाईचं नाही, माणसाच्या बाळाचं डब्याचं नाही. खारीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं भरपूर असतात आणि साखर कमी. गाईच्या दुधाने जुलाब लागतात, आणि २८ ग्रॅमच्या देहात जुलाबाला पुरेल एवढं पाणी असतं कुठे? वातीभाऊ, तुमची लहानपणची पिल्लं किती जगली ते जरा आठवून बघा. राग मानू नका, आमच्या घरीही हेच करत.

एक माप पावडर, दोन मापं गरम पाणी, गुठळी राहू द्यायची नाही. दोन-चार तास फ्रीजमध्ये मुरू दिलं तर पोटाला आणखी सोसतं. पहिल्या वेळा त्यात तेवढंच पाणी घालून पातळ द्या, दिवसभरात हळूहळू घट्टपणावर आणा. लागेल तेवढंच वाटीत काढा आणि वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. मायक्रोवेव्ह नको, मध्येच कुठेतरी उकळतं. उरलेलं फेकायचं. फ्रीजमधलं २४ तासांनी फेकायचं. इथे काटकसर नको.

ड्रॉपरला विसरा. एक मिलीची सिरिंज, सुई काढलेली. ड्रॉपरचा थेंब मोठा असतो आणि आपल्या हातात राहत नाही, म्हणूनच तो बुडबुडा आला. पिल्लू उताणं धरायचं नाही, ते माणसाचं बाळ नव्हे. फडक्यात गुंडाळून पोटावर किंवा जरा उभं, तोंड किंचित खाली. सिरिंजचं टोक ओठाच्या कडेला लावा, एक थेंब काढा, चाटू द्या. मग दुसरा. दट्ट्यावर अंगठा ठेवून मी श्वास रोखते, मला तरी त्याशिवाय जमत नाही. काही पिल्लं दोन्ही पंज्यांनी सिरिंज ओढतात आणि हावरटासारखी पितात, तेव्हाच घात होतो. नाकात दूध दिसलं की लगेच थांबा, तोंड खाली करा, नाक टिपा, दहा मिनिटं जाऊ द्या.

प्रमाण वजनाच्या पाच टक्के. २८ ग्रॅम म्हणजे एका वेळेला जास्तीत जास्त १.४ मिली. सुरुवात एक मिलीने करा. पोट भरलेलं दिसावं, ताणलेलं नको. लव आलीय, म्हणजे दर तीन तासांनी पुरे. रात्री एकदा बारा-साडेबाराला आणि एकदा चारच्या आसपास उठावं लागेल. अंगावर काहीच लव नसलेलं गुलाबी पिल्लू असतं तर दर दोन तासांनी सांगितलं असतं, आणि तुम्ही सोमवारी मला शिव्या घातल्या असत्या.

आता जे कुणीच सांगत नाही ते. या वयाचं पिल्लू आपलं आपण शू-शी करत नाही. आई चाटते तेव्हा होते. प्रत्येक पाजण्याच्या आधी आणि नंतर, कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापसाचा बोळा घ्या आणि पोटाच्या खालच्या बाजूला, शेपटीच्या दिशेने, पिसाने झाडल्यासारखा हलका फिरवा. मिनिटभरात शू होईल. पिवळसर फिकट असली तर पाणी पुरतंय, गडद असली तर ओआरएस वाढवा. हे डोळे उघडून ते आपलं आपण करायला लागेपर्यंत चालू. माझी तिसरी गेली ती यामुळे. दूध उत्तम पचत होतं, आणि मी खुशीत होते.

रोज एकाच वेळी वजन करा, सकाळी पाजण्याआधी. कागदावर लिहा. चढत असेल तर बाकी सगळं ठीक चाललंय. आणि एकदा उजेडात कान, काखा, शेपटीच्या मुळाशी बघा. तांदळाच्या कणीसारखं पांढरं काही चिकटलं असेल तर ती माशीची अंडी. चिमट्याने एकेक काढायची, उद्यावर टाकायचं नाही.

रिकामी_बरणी

रात्रीचे पाऊण वाजलेत. एक मिली, एकोणीस मिनिटं. सिरिंजला धरून झोपलं. शू झाली, माझ्या तळहातावर, आणि मी आनंदाने नवऱ्याला उठवून सांगितलं. तो नुसतं "बरं" म्हणाला.

कौलारू

धागा वाचतोय म्हणून विचारतो. आमच्याकडे हाताने वाढवलेली खार आहे, साधारण तीन महिन्यांची. सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे आवडीने खाते, दुसरं काही तोंडात घेत नाही. दोन दिवसांपासून मागचे पाय ओढत चालते. कुठून पडल्याचं पाहिलं नाही. मालिश करावी का?

जुनी_सतरंजी

मालिश अजिबात नको, उचलूही नका फारसं. ही कॅल्शियमची कमतरता दिसतेय. बिया आणि दाण्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. रक्ताला कॅल्शियम लागतंच, मग शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढतं. हाडं बिस्किटासारखी होतात, उडी मारली तरी मोडतात. त्यात घरात वाढलेली म्हणजे ऊनही नाही. काचेतून येणारं ऊन यात धरू नका, ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काचेत अडतात. आज डॉक्टरकडे न्या, लहान खोक्यात, जिथे चढता येणार नाही. वेळेत धरलं तर पाय परत येतात, मी दोनदा पाहिलंय.

"दुसरं काही तोंडात घेत नाही" म्हणता, पण बिया समोर असताना घेणारच नाही. गोळी-चॉकलेटचा डबा उघडा ठेवून पोरगं भाजी खात नाही म्हणण्यासारखं झालं. आधी पालेभाज्या आणि कुरतडणाऱ्या प्राण्यांसाठीचा तयार गोळ्यांचा आहार, त्यानंतर फळाचा तुकडा, आणि दिवसाअखेर एखाद-दुसरा दाणा, कवचासकट. पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यांना काम हवं.

आणि तीन महिन्यांची झाली आहे तर ती घरात काय करतेय? खार माणसाळते म्हणणाऱ्याला ती अजून चावलेली नसते. बरी झाली की बचाव केंद्राशी बोला. मोठा पिंजरा झाडाच्या सावलीत ठेवतात, एक-दोन आठवडे तिथले आवाज, वारा, इतर खारी ओळखीच्या होऊ देतात, मग दार उघडतात आणि खाणं तिथेच ठेवत राहतात. सकाळी बागेत नेऊन सोडून दिलं, असं करू नका. कुत्र्यामांजराला न घाबरणारी खार संध्याकाळ बघत नाही.

सुई_टोचणारा

+१. कौलारू, सोबत ती काय काय खाते याची यादी आणा. कॅल्शियमचं औषध मनाने सुरू करू नका, त्याचंही प्रमाण चुकतं.

भटकी_वात

आठवून बघितलं सतरंजीताई. एकही नाही.

रिकामी_बरणी

सोमवार. वजनं: २८, २८, ३०, ३३. मधे एकदा जुलाब झाले. मीच हावरटपणा केला होता, दीड मिलीच्या पुढे गेले. सतरंजीताईंना निरोप पाठवला, त्यांनी दोन वेळा नुसतं ओआरएस द्यायला सांगितलं, दुपारपर्यंत थांबले. काल रात्री उजव्या डोळ्याची फट जरा उघडली, आत काळं चकाकलं. डावा अजून बंद. त्याने एकाच डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि शिंकलं.

सकाळी केंद्रात दिलं. औषधाचे उरलेले दिवस, वजनाचा कागद आणि मोजा, सगळं बरोबर दिलं. तिथे त्याच्याच वयाची तीन पिल्लं होती. त्या बाईंनी याला त्यांच्यात ठेवलं तर ते सरळ सगळ्यांच्या खाली घुसलं, शेपटी तेवढी बाहेर. त्या म्हणाल्या, एकमेकांना चोखायला लागली तर वेगळी करावी लागतात, पण आज राहू दे.

घरी आले तर समोरच्या झाडावर आई फांदीवर पालथी पडून ऊन खात होती. नवरा म्हणतो, तीच कशावरून? मला माहीत आहे तीच.

आज रात्री चारला जाग येणारच.